उमेदवार क्रमांक सात, अकरा आणि चौदा

जुने कंत्राट संपून अडीच महिने झाले होते आणि ताईच्या बैठकीतल्या सोफ्याला त्याच्या पाठीचा आकार आला होता. या परक्या देशातला त्याचा परवाना कामाशी बांधलेला होता. एकोणतीस दिवसांत नवे कंत्राट मिळाले नाही, तर बॅग भरून परत जायचे. प्रोग्रामिंग त्याला येत होते. 'नाही' म्हणणे मात्र त्याला कोणत्याच भाषेत जमले नव्हते.

म्हणूनच एका आठवड्यात तीन एजंटांचे फोन आले आणि त्याने तिघांनाही होकार दिला. एजंट कंपनीचे नाव सांगत नसत. उमेदवार परस्पर तिथे पोहोचला तर मधल्या माणसाला कोण विचारणार? त्याच धास्तीने ते कंपनीलाही उमेदवाराचे नाव न सांगता नुसता क्रमांक कळवत. शिवाय प्रत्येकाने त्याचा अनुभव आपल्या मापाने शिवून घेतला होता: पहिल्याने तीन वर्षे, दुसऱ्याने सहा, तिसऱ्याने नऊ.

"खरा किती आहे?" कॉलरवर इस्त्री फिरवत भाऊजींनी विचारले.

"पाच."

"म्हणजे पाच सोडून सगळं लिहिलंय."

सोमवारी त्याने पहिल्या एजंटाने पाठवलेली परीक्षा घरच्या संगणकावर दिली. गोदामातली खोकी आकाराप्रमाणे लावणारा प्रोग्राम लिहायचा होता. मंगळवारी दुसऱ्याची परीक्षा उघडली, तर तेच गोदाम, तीच खोकी.

"ताई, तिघांनी मला एकाच कंपनीत पाठवलंय बहुतेक."

"मग काय झालं? एकाला तरी घेतील."

"तीन तिगाडा, काम बिगाडा," भाऊजी म्हणाले. "माझ्या ऑफिसात एकच माणूस दोन एजंटांकडून आला, तर दोन्हीकडून बाद करतात."

"तुम्ही त्याला घाबरवू नका हो," ताई म्हणाली. "अरे, वेगवेगळी उत्तरं लिही. तीन माणसं लिहितील तशी."

त्याने तसेच केले. पहिल्या एजंटाचा, सात क्रमांकाचा माणूस सोमवारीच बिचकत लिहून गेला होता. अकरा क्रमांकाला त्याने नेमस्त केले. बुधवारी चौदा क्रमांकाला नऊ वर्षांचा ताठा दिला, आणि तो ताठा इतका साधला की त्याला दिवसभर त्या माणसाचा हेवा वाटत राहिला.

शुक्रवारी तिसऱ्या एजंटाचा फोन आला.

"तू पास झालास. पण परीक्षा रद्द झाली."

"का?"

"तिघं पहिले आलेत, आणि तिघांची एकच चूक. गोदाम रिकामं असलं की तिघांचाही प्रोग्राम कोसळतो. पेपर फुटला म्हणतात. बरोबर उत्तर तिघांना सुचेल रे, तीच चूक तिघांना कशी सुचेल?"

ढंग बदलता येतो, वर्षे वाढवता येतात. चूक मात्र माणसाच्या सावलीसारखी त्याच्यामागून येते. अडीच महिने रिकामा बसलेला तो, आणि गोदाम रिकामे असू शकते हे त्याच्या तीनही वयांत ध्यानात आले नव्हते.

"पण एक काम निघालंय," एजंट पुढे म्हणाला. "पेपर कुणी फोडला ते शोधायला त्यांना बाहेरचा माणूस हवाय. मी तुझं नाव दिलंय, या वेळी नावानिशी. चौदा नंबर तू होतास हे तिकडे कुणाला ठाऊक नाही. जाशील ना?"

"हो," तो म्हणाला.

सोमवारी त्याला खिडकीजवळचे टेबल मिळाले. व्यवस्थापक बाई स्वभावाने मऊ होत्या. त्यांनी तीन कागद त्याच्यासमोर मांडले: सात, अकरा, चौदा.

"हे तिघं सापडेपर्यंत तुमचं कंत्राट," त्या म्हणाल्या. "परवान्याचं पत्रही तेवढ्याच मुदतीचं देते. सापडले की त्यांना या शहरात पुन्हा कुणी उभं करणार नाही, एवढं मी बघते."

त्याने तीनही कागद शांतपणे वाचले. चौदा क्रमांकाची शैली आजही त्याला आवडली.

"कुणावर संशय येतोय का?"

"नाही," तो म्हणाला, आणि तो शब्द इतका सहज कसा निघाला याचे त्याचे त्यालाच नवल वाटले.