अंगठ्यावरची चामखीळ

सोमवारी सकाळी नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आवक-जावक कारकुनाने कार्यालयाच्या दारातल्या हजेरीयंत्रावर अंगठा टेकवला आणि यंत्राने त्याला ओळखले नाही. दार उघडणे यंत्राच्याच हाती असल्याने तो बाहेर राहिला. एकोणीस वर्षांत त्याचा एकही खाडा नव्हता.

माणूस म्हणजे काय, याबद्दल विचारवंतांत मतभेद असतील. आस्थापना शाखेत ते नाहीत. माणूस म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. बाकीचा देह तो अंगठा वेळेवर कार्यालयात पोहोचवण्यासाठी असतो.

घोळाचे मूळ लगेच सापडले. दोन वर्षांपूर्वी यंत्र बसले तेव्हा कारकुनाच्या अंगठ्यावर मिरीएवढी चामखीळ होती. यंत्राने अंगठ्यापेक्षा तीच जास्त मन लावून पाहिली. आता ती गेली होती.

सुखासुखी गेली नव्हती. कार्यालयातल्या एकेचाळीस जणांपैकी अडतीस जणांनी उपाय सुचवले (उरलेल्यांपैकी दोघे रजेवर होते). अकरा जण घोड्याचा केस बांधा म्हणाले. त्यांतल्या एकानेही घोडा जवळून पाहिलेला नव्हता. नऊ जण लसणाच्या बाजूचे होते. सासूबाईंचे मत होते, "लक्षच देऊ नका, लक्ष दिलं की माजतात." (हेच मत त्यांचे जावयांबाबतही होते.)

डॉक्टरीणबाईंनी मात्र सांगितले, "साधा विषाणू आहे. एकाच्या कातडीवरून दुसऱ्याच्या कातडीवर जातो. कापू नका, कुरतडू नका. रोज कोमट पाण्यात भिजवा, मेलेली कातडी हलकेच घासा, हे औषध लावा आणि तीन महिने धीर धरा." उपाय इतका सरळ होता की कार्यालयात कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. बाराव्या आठवड्यात चामखीळ गेली आणि नोंदीपुरता कारकूनही गेला.

"साहेब, मी समोर उभा आहे," तो दाराच्या फटीतून म्हणाला.

"दिसताय हो," हेडक्लार्क म्हणाले. "पण माझ्या दिसण्याला नियमात जागा नाही. नवा अंगठा नोंदवायचा तर अर्ज हजर माणसाने करायचा. तुम्ही गैरहजर. तीस दिवस झाले की पद रिकामं."

घरी बायकोने अंगठा उजेडात धरून पाहिला. "अहो, आयुष्यात एक गोष्ट शेवटपर्यंत केलीत, ती नेमकी हीच?"

डॉक्टरीणबाईंनी दाखला दिला : 'रुग्ण व चामखीळ या भिन्न बाबी असून कर्मचारी म्हणजे रुग्ण होय.' तो शेऱ्यासह परत आला : 'दुसऱ्या बाजूचे म्हणणे जोडलेले नाही.'

सव्विसाव्या दिवशी टायपिस्टबाईंनी यंत्रावर अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला आणि यंत्र म्हणाले, "आवक-जावक कारकून, हजर." बाईंच्या अंगठ्यावर मिरीएवढे काहीतरी आले होते. एकेचाळीस अंगठे दोन वर्षे एकाच काचेवर टेकत होते, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते (काच पुसण्याचे काम कोणाकडेच दिलेले नव्हते).

कारकुनाचा जीव भांड्यात पडला. तो म्हणाला, "बाई, अर्ज मंजूर होईपर्यंत औषध लावू नका."

"भाऊ, तुमच्या हजेरीसाठी मी चामखीळ पाळू? आणि माझा खाडा कोण भरणार?"

हेडक्लार्कांनी नोंदवही तपासली. "तुम्ही हजर आहात. मग तक्रार कसली?"

"साहेब, मी अजून बाहेरच आहे."

"कामाच्या वेळेत? मग मेमो निघेल."

मेमो निघाला. गुरुवारच्या मोजणीनुसार कारकून एका सकाळी सतरा वेळा हजर होता, जो कार्यालयातला विक्रम आहे. त्याच वेळी तो दाराबाहेर मेमोचे उत्तर लिहीत उभा होता. यंत्र उत्तम चालत असल्याने आणखी चार कार्यालयांत तसेच बसवण्याचे ठरले आहे.

इथवर वाचताना आपला अंगठा उलटा करून पाहिलेल्यांची संख्या अद्याप हाती आलेली नाही.