आज तिकडं बंद हाये

आमच्या गल्लीतलं कुणीही सकाळी फुलं घेऊन घरी परतलं, की त्याला एवढं पक्कं माहीत असतं, की युरोपातल्या एका शहरात आज रात्री कोण मरणार आहे. ही माहिती फुलांबरोबर फुकट मिळते. देणारे आमचे समोरचे शेजारी, उकंडभाऊ फुलवाले.

“आज राणी मरते तिकडं,” पुडी बांधता बांधता ते सांगतात. “पहिल्या अंकापासून बिमार हाये, पन चार अंक गाते. दम पाहा बाईचा.”

‘तिकडं’ म्हणजे तिथलं भलंमोठं ऑपेरा हाउस. शहराचं नाव भाऊंच्या तोंडून दर वेळी वेगळं निघतं, म्हणून मीही ते लिहीत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी तिथे कपडेपटात आहे. गाणाऱ्यांना पोशाख चढवायचे, उसवलेलं टाचून द्यायचं, खेळ संपला की सगळं उतरवून जागच्या जागी लावायचं. अंजनगावकडे पिढ्यान्‌पिढ्या फुलं लावणाऱ्या घरातली पोरगी कुठल्या कुठे गेली, याचं गल्लीला कौतुक आहे. बापाच्या डोक्यात मात्र ते नाट्यगृहच शिरलं.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. चुकीचा उच्चार ऐकला की मला राहवत नाही. अकोल्याला माहेरी होते तेव्हापासूनची खोड आहे. भाऊ ऑपेराला ‘पेरा’ म्हणतात. मी म्हटलं, भाऊ, आधी ‘ऑ’ म्हणा, मग ‘पेरा’. ते शांतपणे म्हणाले, “तेच त म्हनून राह्यलो, बाई. पेरा.” एकदा दुकानावर बाहेरगावचे एक शेतकरी आले होते. भाऊंनी त्यांना सांगितलं, की यंदाचा पेरा लय दमदार हाये. ते बिचारे सोयाबीन समजले आणि पाऊस कसा हुकला ते सांगायला लागले. दोघं बराच वेळ बोलले आणि दोघांचंही समाधान झालं. मीच तेवढी अस्वस्थ होऊन घरी आले.

पुढच्या महिन्याचे खेळ तिकडे जाहीर झाले की भाऊंचा पाय ठरत नाही. मोबाइल त्या जाहिरातीचं मराठी करून देतो. ते मराठी मला समजत नाही, भाऊंना समजतं. मग ज्याला त्याला आमंत्रणं सुरू होतात. रविवारी सकाळी लेकरायसाठी खेळ हाये. दुपारी नाट्यगृह आतून दाखवतात. म्हाताऱ्यायले तिकिटात सूट हाये, बाई, जाता का? जणू बडनेऱ्याला जायचंय आणि ऑटो दारात उभा आहे.

खेळ पारखायची त्यांची रीत वेगळी होती. गाणं कसं, गायक कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. खेळ लांब असला की चांगला. पाच तासांचा असेल तर त्या दिवशी भाऊ मोगऱ्याचा एखादा गजरा वर देत आणि गिऱ्हाइकांची थट्टा करत. आणि ज्या दिवशी खेळच नसे, त्या दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नये. “आज तिकडं बंद हाये,” एवढंच बोलत. हार अर्धा ओवून सोडून देत, पुन्हा ओवत. शर्टाच्या खिशातला मोबाइल काढत, पुसत, पुन्हा ठेवत. दुकानातून घरी आणि घरून दुकानात अशा फेऱ्या चालत. अशाच एका दिवशी त्यांनी माझ्या सत्यनारायणाच्या पुडीत नवरदेवाच्या मुंडावळ्या बांधून दिल्या. माझे गुरुजी पूजेला बसल्या बसल्या हसत सुटले. दुसऱ्या दिवशी मी भांडायला गेले, पण तिकडे पाच अंकांचा खेळ होता. भाऊंनी हात जोडून माफी मागितली आणि वर शेवंती दिली.

खेळ नाही म्हणून इतकं बिनसणारा रसिक मी पाहिला नव्हता. त्यांच्या बायकोला, मंदावहिनींना, मी तसं म्हटलंही. वहिनी पाकळ्या निवडत होत्या. खेळाच्या दिवशी पल्लवी दुपारीच आत जाते, मोबाइल बाहेर कपाटात ठेवावा लागतो आणि सुटायला रात्र होते, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे बंदचा दिवस हाच फोनचा दिवस. मग तर भाऊंनी त्या दिवशी नाचायला हवं. पुढच्या बंदला मी मुद्दाम हसत म्हटलं, “आज लेकीचा फोन ना, भाऊ?” त्यांनी तोललेला झेंडू पुन्हा तोलला. विक्षिप्त माणूस, असं म्हणून मी तो विषय सोडला.

आमच्या सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष नव्या वक्त्यांच्या शोधात असतात. ऑपेरावर भाऊंचं भाषण ठेवा, असं मीच सुचवलं. भाऊ तयार झाले, पण तारखेवर अडून बसले. त्यांना लांबलचक खेळाचाच दिवस हवा होता. “त्या दिवशी मी मोकळा असतो,” म्हणाले. अध्यक्षांना काही उमगलं नाही. मलाही नाही. पण तारीख दिली.

त्या दिवशी संध्याकाळी भाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, “बाई, तिकडं खेळ बंद झाला. आताच पाह्यलं. मुख्य गानाऱ्याचा गळा बसला.” मी म्हटलं, बरं मग? आपलं भाषण तर आहे ना? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला मराठीच कळत नाही.

व्यासपीठावर ते बसलेच नाहीत. उभ्यानेच बोलले, एक हात खिशावर. “तिकडं मानूस लवकर मरत नाही,” त्यांनी सुरुवात केली. “तलवार खुपसली तरी गाते. गाऊन झालं की दुसरा येते. मंग दोघं गातात.” लोक खूष झाले. एका प्राध्यापकांनी विचारलं, तुमच्या मते सर्वांत श्रेष्ठ ऑपेरा कोणता? भाऊ म्हणाले, “ज्याले सुटाले उशीर होते तो.” टाळ्या पडल्या. अध्यक्षांना त्यात काही खोल अर्थ वाटला असावा, त्यांनी मान डोलावली. पण भाऊ तेवढ्यात व्यासपीठावरून खाली उतरले होते. आभारप्रदर्शन नाही, नारळ नाही, सरळ दाराबाहेर.

मी चिडले. मंडळात माझी शोभा झाली होती. तशीच मागोमाग त्यांच्या घरी गेले.

भाऊ ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. मोबाइल खिशातून आता मुठीत आला होता. आत वहिनी स्वयंपाक झाकून बसल्या होत्या. मी तोंड उघडणार, तोच त्या हळू आवाजात म्हणाल्या, “त्याईले आज काही बोलू नका, बाई.”

“अहो, पण फोन येईल की. आज तर मोकळी आहे ती.”

“नाही येत,” वहिनी म्हणाल्या. “दिवाळीपासून बंदच्या दिवशीबी नाही येत. खेळ असला की बरं असते. पोरगी कामात हाये म्हन्ता येते. बंद असला की काय म्हनावं?”

इतके दिवस मी या माणसाला ऑपेराचा वेडा समजत होते. बाहेर येऊन मी म्हटलं, भाऊ, मग तुम्हीच का नाही लावत फोन? उचलणार नाही का ती?

“उचलते. पहिल्या घंटीलेच उचलते, चांगली बोलते,” ते म्हणाले. “पन तो मग माहा फोन झाला, बाई. मले तिचा पाह्यजे.”

वाटलं, त्या पोरीला कान धरून समोर उभं करावं. दुसऱ्या क्षणी वाटलं, तीही कुठे वाईट आहे? नवा देश, नवी माणसं, दिवस कसे जातात कळत नसेल. आणि जन्मभर पोरांच्या खोट्या सबबी पकडलेल्या मी एक सबब तिथल्या तिथे रचली.

“भाऊ, मुख्य गाणाऱ्याचा गळा बसला ना? मग उद्यासाठी दुसरा माणूस उभा करतील. त्याला पहिल्याचे कपडे कसे येतील? सगळे उसवायचे, पुन्हा शिवायचे. कपडेपटाला आज कसली आलीय सुट्टी?”

भाऊ थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला दिसत होतं.

“दुसरा मोठ्या मापाचा हाये,” ते सावकाश म्हणाले. “फोटो पाह्यला मी त्याचा. लय मोठा हाये.”

“मग तर रात्र होणार तिला.”

“होईनच.” त्यांनी मोबाइल खिडकीत ठेवला आणि आत पाहून हाक दिली. “ऐकलं का वो? पोरीले आज लय काम हाये. वाढ आता. बाईलेबी वाढ.”