डालग्याखालचा ड्रोन

ड्रोन उडवण्यात अख्ख्या महाड तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

महाडच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. आठवड्याचे सहा दिवस मी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि सातव्या दिवशी आभाळाकडे बघतो. आम्ही चार-पाच हौशी मंडळी दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर जमतो. तासभर ड्रोन उडवायचे, दोन तास त्यावर बोलायचं आणि मग घरी जाऊन बोलणी खायची, असा आमचा कार्यक्रम!

ड्रोनची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण रोज पहाटे उठून चालायला जावं, हेही आम्हाला ठाऊक आहेच की! सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमच्यात हायस्कूलच्या विज्ञानाच्या शिक्षिका प्रियदर्शिनीबाई आल्या. पहिल्याच रविवारी त्यांनी पिशवीतून ड्रोन काढला. माझ्या ड्रोनसारखाच करडा, अगदी जुळा भाऊ! फक्त त्याच्या पोटावर एक स्वच्छ पट्टी चिकटवलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"नोंदणी क्रमांक. तुमचा कुठे आहे?"

औषध कंपनीत नोकरी करणारा आमचा मंगेश तेवढ्यात बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या पायात चपला होत्या!

मी मात्र छाती पुढे काढली. "बाई, छंद आहे हा! छंदाला कसला आलाय नंबर? आज ड्रोनला मागतील, उद्या पतंगाला मागतील, परवा कावळ्याला!"

"एकदा नंबर दिला की विचारणारच," मंगेशला धीर आला. "इतक्या वर का गेलास? तिकडे का वळलास? सासुरवाडीवर का घिरट्या घातल्यास?"

"कावळा कौलावर पडला तर कौल फुटत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा पडला तर?"

"माझा पडत नाही!"

हे वाक्य मी इतक्या जोरात उच्चारलं की पलीकडे चरणाऱ्या गाईनं मान वर करून पाहिलं.

त्याच आठवड्यात मुरारी दुकानात आला. पोलादपूरच्या वर डोंगरात त्याची वाडी. चष्मा डोळ्यांवर चढवता चढवता म्हणाला, "सायेब, आमच्या अंगणातनं खोरं बघाच एकदा. भात पिकलंय, सगळं पिवळंधमक झालंय!" मी रविवार ठरवून टाकला. मंगेशला नेमकी कंपनीत पाळी लागली. प्रियदर्शिनीबाई मात्र आल्या.

मुरारीच्या अंगणात पोचल्यावर मला एक झकास कल्पना सुचली. एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, जाड पेनानं त्यावर लिहिलं, 'नंबर देणार नाही!' आणि ड्रोन डोक्याच्या उंचीवर तरंगत ठेवून त्याच्यासमोर तो पुठ्ठा एका हातानं धरून उभा राहिलो. दुसऱ्या हातानं मिशीला पीळही दिला.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"मोहिमेसाठी!"

"कुठल्या?"

"ते ठरायचंय!"

पुठ्ठा फेकला आणि ड्रोन सोडला. काय ते खोरं! पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, मधून चमकणारा ओढा, जणू कोणी हळदीच्या साडीला चंदेरी काठ लावलाय! मी ड्रोन पुढे नेला. आणखी पुढे नेला.

"आता तो डोंगराच्या सोंडेआड चाललाय," बाई म्हणाल्या. "दिसेल एवढ्यातच ठेवा."

"मला कळतं!" मी म्हणालो, आणि वारा फिरला.

परत येताना ड्रोनला वारा समोरून. त्याची दशा चढावर लाल एसटी ढकलणाऱ्या माणसासारखी! बॅटरी भराभर उतरली, रिमोटला लावलेल्या फोनवर लाल अक्षरं नाचू लागली आणि ड्रोननं माझं न ऐकता खाली उतरायला सुरुवात केली. शेवटचं चित्र दिसलं ते असं: एक सारवलेलं अंगण, सैरावैरा धावणाऱ्या कोंबड्या, आणि खराटा उगारलेली एक म्हातारी बाई. मग पडदा काळा!

मुरारीनं वाकून पाहिलं. "आयला! ही तर आमची चुलती. प्रयागबाई! ओढ्यापलीकडं राहते."

"रागीट आहे का?"

"नाय हो," मुरारी म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "खोटं बोललेलं खपत नाय तिला."

आम्ही तिघं ओढा ओलांडून चढ चढू लागलो. वाटेत गवताचा भारा घेतलेली एक बाई भेटली. "लवकर जावा रे! वर सरकारचं इमान उतरलंय! मोजणी हाय!" पुढच्या वळणावर एक गृहस्थ सातबाऱ्याची गुंडाळी घेऊन धावत होते. माझ्या हातातला रिमोट बघून त्यांनी माझा दंडच धरला. "मोजणीवाले तुमीच ना? आदी माजा बांद बगा! शेजाऱ्यानं तीन हात आत घेतलाय!" त्यांचा शेजारी मागूनच येत होता. "दोन हात!" तो ओरडला. मी नाही नाही म्हणत होतो, पण चढावर माझा श्वास असा लागला होता की तोंडातून फक्त वाफ येत होती.

प्रयागबाईंच्या अंगणात निम्मी वाडी जमली होती. मधोमध कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं घातलेलं, त्यावर पाट्याएवढा धोंडा आणि शेजारी हातात खराटा घेऊन स्वतः प्रयागबाई बसलेल्या. सत्तरीच्या, काटकुळ्या, नजर मात्र सुईसारखी. त्यांच्या बाजूला गावचे पोलीस पाटील महिपतराव वहीत काहीतरी लिहीत होते.

"आजी, तो माझा आहे!" मी डालग्याकडे झेपावलो.

खराटा आडवा आला.

"थांब. कोंचा गाव? नाव काय?"

मी नाव, गाव, दुकान, सगळं सांगितलं. प्रयागबाई म्हणाल्या, "हे आलं तवा भुणभुणत व्हतं. कोन म्हने दांडा घाल, कोन म्हने पान्यात बुडव. मी म्हटलं, कुनाचं तरी हाय, कुनीतरी हुडकत येल. झाकून ठेवलं. आता तुजं हाय तर कशावरनं?"

मला तर मिठी मारावीशी वाटली! तीस माणसांच्या घोळक्यातून माझा ड्रोन या एकट्या बाईनं खराट्याच्या जोरावर वाचवला होता.

"हे बघा!" मी ऐटीत रिमोटवरचं बटण दाबलं. डालग्याखालून 'टीं टीं टीं' असा आवाज आला. कोंबडा दचकून छपरावर गेला. लोक चार पावलं मागे सरले.

महिपतराव जागचे हलले नाहीत. "हा पुरावा नव्हे. आमच्या रिमोटनं शेजाऱ्यांचा टीव्ही बंद होतो. म्हणून त्यांचा टीव्ही आमचा झाला का?"

"होऊ दिला न्हाय आमी!" महिपतरावांचा शेजारी मागून म्हणाला.

"नोंदणी क्रमांक सांगा," महिपतराव म्हणाले. "यावर तर काही दिसत नाही. बेवारस वस्तू म्हणून मला ठाण्यात कळवावं लागेल."

मी घसा खाकरला. पतंग, कावळा, छंद, सगळे मुद्दे जिभेवर आले आणि खराट्याकडे पाहून परत गेले.

"माजी म्हस बग," प्रयागबाईंनी गोठ्याकडे बोट केलं. म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला होता. "बारा आकडे हायत. मला वाचता येत नाय, पर पाठ हायत." आणि त्यांनी बारा आकडे घडाघडा म्हणून दाखवले! "गेल्या साली ही पार दोन गावं वलांडून गेली. लोकांनी बिल्ला बगितला आन घरी आनून सोडली. म्हस जमिनीवर चालते, तरी तिला नंबर हाय. तुजं हे लोकांच्या डोस्क्यावरनं फिरतंय, आन याला नंबर नाय?"

माळावर प्रियदर्शिनीबाईंशी मी दोन तास वाद घातला असता. इथे मी म्हशीच्या बिल्ल्यावरचे आकडे मोजू लागलो.

शेवटी बाईच मदतीला आल्या. "ड्रोनमध्ये कार्ड असतं. त्यात चित्रण असेल. ते पाहिलं की कोणाचा ते कळेल." प्रयागबाईंनी धोंडा काढला, डालगं उचललं. बाईंनी कार्ड काढून आपल्या टॅबमध्ये घातलं. सगळी वाडी टॅबवर झुकली.

पडद्यावर पहिलं काय आलं? मी! मिशीला पीळ देणारा, पुठ्ठा धरलेला मी!

महिपतरावांनी चष्मा सावरला आणि शाळेतल्या धड्यासारखं मोठ्यांदा वाचलं, "नंबर... देणार... नाही!"

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचाच आहे."

अंगणात जो हशा उसळला, तो पोलादपूरच्या स्टँडपर्यंत गेला असावा! सातबारावाले आणि त्यांचे शेजारी तर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. मला वाटलं, तो धोंडा बाजूला आहेच, आता मीच डालग्याखाली जावं.

पण प्रयागबाई हसत नव्हत्या. त्या टॅबकडे टक लावून बघत होत्या. चित्रण पुढे सरकलं होतं आणि पडद्यावर पिवळी खाचरं उलगडत होती.

"हे... हे माजं वरचं शेत," त्या हळूच म्हणाल्या. "गुडघा धरल्यापासनं दोन वर्सं मी तितं गेली नाय रे. तो बग, आमच्या ह्यांनी लावलेला फणस! केवडा झालाय!" त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं नाही, नुसतं वरून फिरवलं, जणू पिकावरून हात फिरवत होत्या.

अचानक त्यांचा आवाज चढला. "थांबव! मुरारी, बग हितं! कोपऱ्यात भात आडवं झालंय. डुकरं शिरलीत!"

मी बघितलं. मला नुसता पिवळा रंग दिसत होता. बाईंनी चित्र मोठं केलं तेव्हा कुठे दिसलं: कोपऱ्यातलं भात लोळवलेलं आणि कुंपण तुटलेलं. मुरारी चार माणसं घेऊन तसाच वर पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी कापणी सुरू केली. आणखी दोन रात्री गेल्या असत्या तर डुकरांनी वरचं सगळं शेत साफ केलं असतं, असं मुरारीनं मला नंतर फोनवर सांगितलं.

त्या दिवशी महिपतरावांनी वहीत माझं नाव लिहिलं, पुढे 'समज दिली' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. प्रयागबाईंनी ड्रोन पदरानं पुसून माझ्या हातात ठेवला.

"वस्तू चांगली हाय. नंबर घाल आन परत ये. त्या खिंडीपलीकडं माजं माहेर हाय. ते मला दाव."

तुम्हीच सांगा, इतकी मोठी मोहीम मला आजवर कोणी दिली होती? घरी पोचल्यावर हातपाय न धुता मी अर्ज भरायला बसलो! नंबर आला. छापील पट्टी आली. मंगेशनंही मुकाट्यानं आपला अर्ज भरला. तिसऱ्या रविवारी मी आणि प्रियदर्शिनीबाई पुन्हा प्रयागबाईंच्या अंगणात हजर!

"आन बगू," प्रयागबाई म्हणाल्या. "कागद बी दे. गुरांचा डॉक्टर बिल्ला आन कागद दोनी जुळवून बगतो."

मी हसत हसत कागद दिला. त्यांनी नोंदणी क्रमांक एकेक आकार करत जुळवला. मान हलवली. मग ड्रोन उलटा केला, कारखान्यानं त्याच्या अंगावर कोरलेला क्रमांक शोधला आणि कागदावर तोच क्रमांक जिथे छापला होता तिथे बोट नेलं. बराच वेळ गेला.

"हा गोल बारीक हाय," त्या म्हणाल्या. "कागदावरचा गोल जाड हाय. दोनी एक नाय."

बाईंनी कागद घेतला, ड्रोन घेतला आणि ओठ दाबून हसू आवरलं. ड्रोनवर शून्य होतं. अर्जात मी इंग्रजी ओ टाकला होता! अक्षरओळख नसलेल्या बाईनं माझी चूक पकडली होती आणि मी, लोकांना अक्षरं वाचायला लावणारा, बघत उभा होतो!

प्रियदर्शिनीबाईंनी मग आपला ड्रोन अंगणातून सरळ वर नेला, नजरेआड न जाऊ देता. खिंडीवरून पलीकडची कौलं दिसली, देवळाचा कळस दिसला. प्रयागबाईंनी टॅब मांडीवर घेतला आणि एकेका घराचं नाव सांगत राहिल्या. आम्ही दोघं ऐकत राहिलो.

माझा अर्ज दुरुस्तीला गेलाय. तोवर दर रविवारी मी बाईंच्या ड्रोनखाली उभा राहून "सावकाश, सावकाश!" असं ओरडतो. त्याला नोंदणी लागत नाही, हे मी महिपतरावांना फोन करून नीट विचारून घेतलं आहे.