उलथन्यानं खरवडलेली टॅक्सी

ये गं, अशी जवळ बस. उंबऱ्यात काय उभी पाहुण्यासारखी? पुण्याला नोकरी लागली म्हणून आजीचं घर विसरायचं का? शेजारचे गेनूआबा परवाच विचारत होते, "पोरगी कवा यायची?" तुला आबा म्हणजे खोकणारे म्हातारे, एवढंच माहीत. ऐक जरा.

मी लग्न होऊन लोणावळ्याला आले, तेव्हा वर्षभर मला आबांचे फक्त पाय ओळखू येत. टॅक्सी चालवायचे ते. भाडं नसलं की अंगणात दोन ओंडक्यांवर टॅक्सी चढवायची, गोणपाट अंथरायचं नि खाली शिरायचं. बाहेर उरायचे दोन पाय. लोक पायांशीच बोलायचे. पोस्टमन पायांपाशी पत्र ठेवून जायचा.

आपली भातखाचरांची माती शेणापेंढ्यासकट गाडीखाली बसली की दगडच. आबा आधी घासलेट शिंपडत, मग काथ्यानं घासत आणि शेवटी उलथन्यानं खरवडत. उलथनं त्यांच्या बायकोचं, सरूबाईंचं. त्या पायरीवर बसून ओरडायच्या, "अवो, भाकरी कशानं उलथू? तुमच्या नाकानं?"

खालून आवाज यायचा, "वरचं समद्यांना दिसतं, सरू. खालचं कोन बघतंय?"

आबा पुतण्यासाठी बेडशाला मुलगी बघायला गेले, तर पोह्यांची बशी डोक्याच्या वर धरून खालून न्याहाळली. "सवच्छ हाय. सोयरीक पक्की!"

पुढे सरूबाई गेल्या. आबांचं बोलणं कमी झालं, खरवडणं वाढलं.

त्याच वर्षी भाद्रपदात तुझी आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सकाळी कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल पायाळू दिसतंय, तळेगावच्या दवाखान्यात न्या. मी धावले. तर पाय बाहेर, आबा आत! आदल्या दिवशी गाडी चिखलातून आणलेली.

"आबा, उठा की! पोर कळवळतेय."

"खरवडल्याबिगर न्हाई न्यायचो, वैनी."

"मेली तुमची माती ती!" मी पाय धरून अक्षरशः ओढलं त्यांना. हलले नाहीत. आतून नुसतं खर्र खर्र. मग एकदम थांबलं.

"पाना द्या, वैनी. पेटीत हाय."

ढेकळाआड ब्रेकच्या नळीचा नट सैल झाला होता, तेल गळत होतं. आबांनी तो आवळला, तेल भरलं, चारदा ब्रेक दाबून पाहिला. "बसा आता."

कामशेतच्या पुढे रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. ब्रेक कचकन लागला. माझा हात कपाळाला गेला.

दुपारी तू झालीस, खरंच पायांनी. मायलेकी सुखरूप. मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून रडले नि हसले. आबा म्हणाले, "पाय आधी? म्हंजी माज्यावानीच!"

दुसऱ्या दिवशी बर्फी घेऊन गेले, तर पाय बाहेर. आत बोलणं चाललेलं. "पोरगी झाली गं, सरू. दोगी बऱ्या हायेत. तुजं उलथनं कामाला आलं."

मी आवाज न करता पायरीवर टेकले. खरवडणं थांबलं.

"वैनी," जरा वेळानं आतून आवाज आला, "हितनं मला तिची पावलंच दिसायची. वाईच बसा तितं."

बसले. बर्फीला मुंग्या लागेपर्यंत बसले.

आता टॅक्सी गेली, आबांना वाकवत नाही. उलथनं आहे खुंटीला. जायच्या आधी त्यांच्या पायरीवर घटकाभर बसून ये. आणि पुन्हा इतके दिवस लावू नकोस गं, लवकर ये. माझ्यासाठी नको येऊस हवं तर. त्या पायरीवर कुणी बसलं की त्यांना बरं वाटतं.