कठड्याचा पैसा कठड्यालेच

मनोहरकाकांच्या शर्टाला चार खिसे असतात. दोन बाहेरून, दोन आतून. मालेगावच्या शिंप्याने एकदा विचारलं, "इतके खिसे कायले?" तर काकांनी त्यालाच झापलं, "दवाईचा पैसा अन् भाजीचा पैसा एकाच खिशात कोंबू काय?"

मी त्यांचा शेजारी. भाजीचा मळा आहे माझा, माल घेऊन मालेगावला जाणं-येणं असतं. एकदा भर उन्हात काका रस्त्याने पायी येताना दिसले. मी मोटारसायकल थांबवली.

"काका, एसटी चुकली काय?"

"एसटी होती. एसटीचा खिसा रिकामा होता."

"मंग दुसऱ्या खिशातले द्याचे ना!"

मी जणू दरोडा घालायला सांगत होतो, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते दवाईचे हायेत." आणि मागे बसायच्या आधी वर मलाच विचारलं, "हे पेट्रोल कोनत्या हेडातलं, कोनत्या खर्चाच्या खात्यातलं? भाजीच्या धंद्याचं असन, तं मी बसत नाही."

हे वेड बंदरातलं. आमच्या वाशिम जिल्ह्यात समुद्र कुणी स्वप्नातही पाहत नाही, पण काकांची सगळी नोकरी कोकणातल्या एका बंदरात गेली. बंदराच्या सुरक्षेसाठी सरकारी अनुदान यायचं. कुंपण, दिवे, कॅमेरे, गस्तीची जीप. ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामावर तो लागतो की नाही, हे पाहणं काकांचं काम. एका साहेबांनी दिव्यांच्या पैशातून केबिनमध्ये गालिचा मागितला. काकांनी नाही म्हटलं आणि त्यांची रवानगी गोदामात झाली. "चोर काय गालिचा पाहून पळते?" हे ते आजही तावातावाने विचारतात, जसे काही साहेब समोरच बसले आहेत.

आमच्या गावच्या तलावावर बोटिंग सुरू करायचं ठरलं. धक्का बांधून झाला. मग त्याच्या सुरक्षेसाठी वेगळं अनुदान मंजूर झालं. कठडा, दिवे, लाइफ जॅकेट आणि बचावाची एक बोट. काका पारावर जाऊन ज्याला त्याला सांगत सुटले, "आपल्या गावाले बंदर आलं बाप्पा!"

बोट आली. जॅकेटं आली. दिवेही लागले. कठडा मात्र आला नाही. त्याच्याऐवजी तलावाच्या वाटेवर भली मोठी कमान उभी राहिली, आणि कमानीवर हात जोडलेले सरपंच.

ग्रामसभेत काका उभे राहिले. "कठडा कुठी हाय?"

"पुढच्या वर्षी करू, काका. कमानीनं गावाची शोभा नाही वाढली काय?" सरपंच म्हणाले.

"शोभा? उद्या कोनाची पोरगी घसरून पान्यात गेली, तं तुमच्या कमानीले लटकून वर येईन काय?"

"पैसा गावातच लागला ना! कोनी खाल्ला काय?"

आणि आमचं गाव! माना हलल्या. खरंच की, खाल्ला तर नाही. माझंही डोकं फिरलं, पण मी बोलायच्या आत काकांचा आवाज चढला. "खाल्ला असता तं चोर म्हनून मोकळा झालो असतो! चोराले निदान लाज असते, तो तोंड लपवते. तुमी तं फोटो लावला!"

सभा उठली, पण काका हटले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून धक्क्याच्या उघड्या काठावर खुर्ची टाकून बसू लागले. कुणी जवळ आलं की ओरडायचे, "मागं व्हा! कठडा येईपर्यंत मीच कठडा!" लोक हसले. पण धुणं धुवायला येणाऱ्या बाया हसल्या नाहीत. पोरं त्यांचीच तिथे खेळत होती. त्याही येऊन काकांच्या बाजूला बसू लागल्या, आणि त्यांत माझी आई सगळ्यात पुढे. गोष्ट वाशिमच्या जिल्हा कचेरीपर्यंत गेली, तिथले साहेब पाहणीला आले. काकांनी त्यांचा हात धरून त्यांना काठापर्यंत नेलं. साहेबांनी खाली पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. कमानीचा खर्च सरपंचांच्या अंगावर पडला. कठडा झाला.

उद्घाटनाला फिरायच्या बोटी अजून आल्या नव्हत्या. सरपंचांचे पाहुणे बचावाच्या बोटीत चढून बसले. "उतरा!" काका कडाडले. "बुडत्याले काढाची बोट हाय ते, नवरदेवाची घोडी नाही!" पाहुणे निमूट उतरले.

तेवढ्यात माझी आई पुढे झाली. "भाऊजी, मले एक चक्कर मारू द्या ना. मी जल्मात बोटीत बसली नाही."

सगळे काकांकडे पाहू लागले. "नाही, वहिनी," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की आईला पुन्हा विचारावं लागलं.

परतताना आम्ही तिघं सोबत चाललो होतो. काकांनी आपणहून शांताकाकूंचा विषय काढला. काकू काकांच्या निवृत्तीआधीच वारल्या. त्यांचं नाव काकांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"शांता एकदा बंदरावर आलती. जहाज गेटपासून लय दूर, अन् आत पायी जाची बंदी. बाकी सारे आपापल्या बायकायले गस्तीच्या जीपमधी बसवून दाखवून आनत. मी म्हनलं, जीप गस्तीची हाय. ते दिवसभर गेटबाहेर बाकड्यावर बसली अन् तशीच परत गेली."

"काही म्हनली नाही?" आईने विचारलं.

"म्हने, बरं केलं तुमी. लोखंडच तं असते जहाज, त्यात काय पाहाचं."

आणखी थोडं चालून ते थांबले. "नियम बरोबरच होता. हो ना, वहिनी?"

नियमाबद्दल काकांनी कुणाला विचारलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आईने पदर सावरला. "नियम बरोबर असन, भाऊजी. पन तिले जहाज पाहाचं होतं."

काकांनी मान हलवली.

"हाव," ते म्हणाले. "नवी साडी नेसून आलती."