अप्पांचा पहिला नंबर

‘हेल्प’चा भूतकाळ मी एकदा छातीठोकपणे ‘हॅल्प’ असा सांगितला आणि पुढची पंचवीस वर्षं त्या उत्तराच्या तोऱ्यात काढली. कारण ते उत्तर शिवलिंगअप्पांनी बरोबर धरलं होतं. आणि अप्पा चुकीचं उत्तर सख्ख्या भावालाही सोडत नसत.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालेलं. नळ मात्र कोरडे. गल्लीत दिवसाआड टँकर. अप्पा रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर, एकटेच राहायचे. सगळ्यांच्या आधी रांगेत घागर ठेवून पालथ्या डब्यावर बसायचे आणि इंग्रजी क्रियापदांच्या भूतकाळाची परीक्षा घ्यायचे, तीही रांगेच्या शेपटाकडून. पहिलं बरोबर उत्तर देणाऱ्याला अप्पांचा पहिला नंबर. अप्पा त्याच्या जागी.

“नियमित क्रियापद म्हंजे खानदानी माणूस,” ते सांगायचे. “कालचं बोलायचं म्हणलं की मागं ईडी लावतंय अन् गुमान चालतंय. ते गो-वेंटवालं टोळकं आपल्या गल्लीत नको.”

“घरात घोटभर पाणी न्हाई, अन् तुम्ही भूतकाळ काय विचारत बसलाय?” रांगेतल्या सखूबाई करवादायच्या.

“जिल्हा झालाय, सखूबाई. गावात कलेक्टर हाय आता. काल टँकर आला न्हाई, हे त्याला इंग्रजीत सांगाय नको?”

सखूबाईंनीच पुढे ‘वॉश – वॉश्ड’ म्हणून दोनदा पहिला नंबर मारला. अप्पा आठवडाभर गल्लीत सांगत फिरले.

आमची लेक तेव्हा आठ दिवसांची. तिच्या अंघोळीपुरतंही पाणी घरात नव्हतं, आणि मी उशिरा उठल्यामुळे रांगेत शेवटचा.

“हेल्प,” अप्पा म्हणाले.

“हॅल्प.”

अप्पांनी चष्मा पुसला. आमच्या दाराकडे बघितलं.

“बरोबर. व्हा पुढं.”

मी ताठ मानेनं पुढे गेलो. टँकर त्या दिवशी अप्पांच्या घागरीआधीच आटला.

ती लेक आता नांदेडला कॉलेजात इंग्रजी शिकवते. परवा घरी आली, तेव्हा मी तिला हा पराक्रम नव्यानं ऐकवला. ती हळूच म्हणाली, “बाबा, हेल्प्ड.”

मी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती.

“झालं एकदाचं,” ती म्हणाली. “त्या दिवशी अप्पा रिकामी घागर घेऊन दारात थांबले होते. म्हणले, ‘सूनबाई, आज मी एक चूक बरोबर धरली. मालकाला सांगू नको. लेक शिकली की तिच्याकडून दुरुस्त करून घे.’”