कोनाड्याची मुदत

संध्याकाळी सहा वाजता बुन्येच्या कोनाड्याची मुदत संपणार होती आणि दुपारचे अडीच वाजले तरी क्वाक मास्तरांच्या कॉम्प्युटरवर एका कोऱ्या पानाखेरीज काही उमटत नव्हतं. पानाच्या मधोमध बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘ही सेवा आपल्या ब्राउझरमध्ये उपलब्ध नाही. कृपया योग्य ब्राउझर वापरावा.’ योग्य ब्राउझर कोणता, हे लिहायची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती.

बुन्ये म्हणजे मास्तरांची बायको. तिला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. सोहाक नगरपालिकेच्या अस्थिगृहात, खालून चौथ्या रांगेत, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर तिचा कलश होता. काचेआड तिचा फोटो, तिचा चष्मा आणि मुलीने ठेवलेली एक इवलीशी कागदी चप्पल. शेजारचा कोनाडा रिकामा होता आणि तो मास्तरांचा होता. असे कोनाडे जोडीने मिळत आणि जोडीनेच जात. नियम साधा होता: जोडीतलं जे माणूस मागे राहिलं असेल त्याने पंधरा वर्षांनी अर्ज करून मुदत वाढवायची. नाही वाढवली, तर कलश काढून मागच्या टेकडीवरच्या सामायिक चौथऱ्याखाली रिकामा करायचा. जिने हयातीत सख्ख्या जावेबरोबर एका ताटलीतलं किमचीचं लोणचं खाल्लं नाही, तिला आता चारशे अनोळखी माणसांत जाऊन पडावं लागणार होतं.

पत्र दोन महिन्यांपूर्वीच आलं होतं. मास्तरांनी ते फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावलं आणि तेव्हापासून ते फ्रिज उघडताना मान दुसरीकडे वळवत. जन्मभर पोरांना गणिताचा गृहपाठ वेळेवर का केला नाही म्हणून बाकावर उभं करणाऱ्या माणसाने स्वतः मात्र शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली. सकाळी बस पकडून ते अस्थिगृहात गेले, तर खिडकीतली मुलगी अगदी गोड हसली.

“आजोबा, अर्ज खिडकीवर घेत नाही आम्ही आता. तुम्हाला इथवर यायचा त्रास नको म्हणून सगळं ऑनलाइन केलंय.”

“पण मी आलोय ना.”

“तेच तर! उगीच त्रास झाला तुम्हाला. घरी जाऊन भरा.”

घरी आल्यावर मास्तरांनी बुसानला मुलीला, हेरानला, फोन लावला.

“आप्पा, ब्राउझर कुठला आहे तुमच्याकडे?”

“मला काय ठाऊक? रंगीत गोळा आहे एक.”

“त्यात नाही उघडायची ती साइट. ती जुन्या ब्राउझरसाठी केलीय. तो निळा होता बघा, आई असताना आपल्याकडे होता तो.”

“मग तो आण.”

“कुठून आणू? तो बंद केला कंपनीने. नवीन कॉम्प्युटरवर चालतच नाही तो.”

मास्तरांनी विचारलं, “म्हणजे वारला?”

“वारलाच म्हणा.”

“आणि तुझ्या आईला जागेवर ठेवायचं तर त्याच्याच हातून ठेवायचं?”

हेरानने आपल्या ऑफिसातून खटपट करून पाहिली. ऑफिसच्या कॉम्प्युटरने सरकारी साइटचं नाव ऐकताच लाल अक्षरांत धोक्याची सूचना दिली आणि हेरानच्या साहेबांना परस्पर कळवलं. ती बिचारी साहेबांच्या खोलीत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग मास्तरांनी मदत केंद्राचा नंबर फिरवला. बावीस मिनिटं संथ बासरी ऐकवल्यावर एक बाई बोलायला लागली.

“आपण मृत व्यक्तीचे कोण?”

“नवरा.”

“आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. कृपया जुना ब्राउझर बसवून घ्या.”

“तो आता मिळत नाही म्हणतात.”

“त्याही दुःखात आम्ही सहभागी आहोत.” मग बाईंनी आवाज खाली आणला. “आजोबा, मी सांगितलं हे बोलू नका कुठे. बरीच वर्षं कोणी हात न लावलेला एखादा कॉम्प्युटर शोधा. त्यात असतो तो.”

बरीच वर्षं कोणी हात न लावलेला कॉम्प्युटर मास्तरांना चांगलाच माहीत होता. तो त्यांच्याच वसाहतीच्या कार्यालयात होता. गेटमधला आडवा दांडा वर-खाली करायचं काम तो करी. त्याला हात लावू नये, अशी ताकीद व्यवस्थापक मेंगबाई महिन्यातून एकदा ध्वनिक्षेपकावरून देत, आणि दोनशे चाळीस घरांच्या छतांत बसवलेल्या स्पीकरांतून ती एकदम ऐकू येई. अडचण एवढीच होती, की मेंगबाई आणि मास्तर यांच्यात गेल्या वर्षापासून बोलणं नव्हतं. एका गुरुवारी, कचरा वेगळा करायच्या दिवशी, त्याच छतांतून आवाज आला होता: “तीनशे चार नंबरच्या मास्तरांनी मिरचीच्या चटणीचा डबा न धुता प्लास्टिकमध्ये टाकला आहे. शिकलेल्या माणसांनी तरी असं करू नये.” त्या दिवसापासून मास्तर डबे तीनदा धुऊन, उन्हात वाळवून टाकत आणि कार्यालयासमोरून जाताना समोरच्या झाडाकडे पाहत.

पावणेचारला ते पत्र हातात घेऊन कार्यालयाच्या दारात उभे राहिले.

“मेंगबाई, एक काम होतं.”

“डबा धुतलात का?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“काम डब्याचं नाही.”

बाईंनी पत्र घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

“आज सहाला?”

“सहाला.”

“आणि तुम्ही आत्ता येताय? शाळेत हेच शिकवलंत का पोरांना?” असं म्हणत बाई उठल्या आणि त्यांनी आपली उशी मास्तरांसाठी खुर्चीवर ठेवली. “बसा. कमरेला लागते ती खुर्ची.”

कॉम्प्युटरवर बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘बंद करू नये. बंद केल्यास पुन्हा सुरू होण्याची हमी नाही.’ सहा वर्षांत तो एकदाही बंद झाला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात ती ओळखीची निळी खूण दिसली आणि मास्तरांना, खोटं कशाला बोला, भरून आलं. बुन्ये याच खुणेवर बोट ठेवून लोकरीचे नमुने शोधत बसायची.

साइट उघडली. दुखवट्याची पांढरी शेवंती दिसली, मंद सूर लागला. मास्तरांनी ‘मुदतवाढ’वर टिचकी मारली. साइट म्हणाली, आधी टंकलेखन सुरक्षित करणारा प्रोग्राम बसवा. बसवला. पान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग साइट म्हणाली, आधीच्या प्रोग्रामवर नजर ठेवणारा प्रोग्राम बसवा. तोही बसवला. शेवंती पुन्हा आली, सूर पुन्हा लागला. तिसरा, चौथा, पाचवा. पाच वेळा शेवंती पाहून झाली, तेव्हा पाच वाजून सहा मिनिटं झाली होती आणि पडद्यावर नवी ओळ आली: ‘सर्व सुरक्षा पूर्ण. कृपया कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा.’

“नाही,” मेंगबाई म्हणाल्या.

“बाई—”

“नाही म्हणजे नाही. हा बंद झाला की गेटचा दांडा जागचा हलत नाही. आत्ता सगळी माणसं कामावरून परत येतील. नाही चालू झाला हा परत, तर माझी नोकरी जाईल, मास्तर.”

मास्तरांनी टेबलावरचं पत्र पुन्हा हातात घेतलं. “पंधरा वर्षं ती तिथं एकटीच आहे,” ते म्हणाले. “शेजारी माझी जागा आहे, एवढ्या एकाच गोष्टीवर मी दिवस काढलेत. ती तिथून गेली तर मी कुणाशेजारी जाऊ?”

मेंगबाईंनी चिठ्ठी हलकेच सोलून काढली, घडी करून खिशात घातली आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटर एक लांब सुस्कारा सोडून काळा झाला. गेटचा दांडा आडवा तो आडवाच राहिला. पहिली गाडी दोनशे अकराच्या दातांच्या डॉक्टरची होती. तिच्यामागे दुसरी लागली, बघता बघता सातवी. दहा मिनिटांत रांग पार बेकरीपर्यंत गेली आणि भोंग्यांचा असा कल्लोळ उठला, की कार्यालयाच्या काचा थरथरायला लागल्या. बाईंनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. मास्तरांनी हातानेच नको नको केलं, पण उशीर झाला होता.

“रहिवाशांना विनंती. गेट थोडा वेळ उघडणार नाही. तीनशे चारच्या मास्तरांच्या मंडळींच्या अस्थींची मुदत सहा वाजता संपते आहे. घोळ सगळा ब्राउझरचा आहे. गाडीत जे कोणी असतील त्यांना त्यांच्या घरच्यांनी फोन करून सांगावं. भोंगे वाजवू नयेत.”

भोंगे एकेक करून थांबले. मास्तरांना वाटलं, त्यापेक्षा भोंगे बरे होते. पंधरा वर्षांत त्यांनी शेजाऱ्याजवळसुद्धा बुन्येबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आता बाहेर अंधारू लागलेल्या रस्त्यावर तीसचाळीस गाड्या दिवे लावून मुकाट उभ्या होत्या, कुणाची तरी अंत्ययात्रा निघायची असावी तशा.

पाच एकेचाळीसला कॉम्प्युटर जागा झाला. मेंगबाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं. शेवंती आली, सूर लागला, आणि या वेळी अर्ज खरोखरच उघडला. अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर असलेल्या मोबाइलवर एक आकडा येणार होता, तो भरला की ओळख पटणार होती. मास्तरांनी नाव आणि नंबर भरला. ‘नाव व क्रमांक जुळत नाहीत.’ चष्मा पुसून पुन्हा भरला. जुळेना. पाच एकोणपन्नास झाले.

“मास्तर, हा फोन कोणाच्या नावावर आहे?”

मास्तरांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

“अहो, वेळ जातोय!”

“बुन्येच्या. दोन्ही फोन तिनेच घेतले होते, जोडीची सवलत होती म्हणून. तिचा बंद केला. हा बदलायचा तर दुकानात जाऊन तिच्या मृत्यूचा दाखला द्यावा लागतो.”

“मग पंधरा वर्षांत दिला का नाहीत?”

मास्तर खाली पाहत म्हणाले, “दर वर्षी तिच्या वाढदिवसाला कंपनीचा मेसेज येतो. ‘यॉम बुन्ये, आपणांस शुभेच्छा. आज एक कॉफी आमच्यातर्फे.’ तेवढं एकच ठिकाण आहे जिथं ती गेली हे कोणाला माहीत नाही.”

मेंगबाईंनी नाक ओढलं आणि नाव खोडलं. “तिचंच नाव टाका.”

“खोटं कसं लिहू, बाई? मी आयुष्यात कधी—”

“फोन तिचा आहे की नाही? मग टाका!”

मास्तरांनी नाव टाकलं. त्यांच्या हातातला फोन वाजला. आकडा आला. ‘ओळख पटली,’ साइट म्हणाली. ‘नमस्कार, यॉम बुन्ये. आपला जोडीचा कोनाडा सापडला आहे. जोडीदार: क्वाक मानसोप. आपण त्यांच्या कोण?’

‘पती’ आणि ‘पत्नी’ असे दोनच पर्याय होते. मास्तरांचं बोट अधांतरी थांबलं.

“ती तुमची बायको आहे का नाही?” मेंगबाई ओरडल्या.

“आहे,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी ‘पत्नी’वर टिचकी मारली. पाच वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती. पाच प्रोग्राम डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते, पण त्यांतल्या एकानेही हरकत घेतली नाही. ‘अर्ज मंजूर,’ साइट म्हणाली आणि शेवंती विरघळून गेली.

मेंगबाईंनी घाईघाईने गेटचं पान उघडलं. दांडा दोनदा कुरकुरला आणि वर गेला. मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि गाड्या एकेक करून सावकाश आत आल्या. दातांच्या डॉक्टरने काच खाली करून विचारलं, “झालं का, मास्तर?” मास्तरांनी मान हलवली. त्यामागच्यानेही विचारलं, त्यामागच्यानेही. मास्तर प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते आणि डोळे पुसायला त्यांना हात मोकळा मिळत नव्हता.

शेवटची गाडी गेली तेव्हा फोन पुन्हा वाजला. मास्तरांनी मेसेज वाचला आणि फोन मेंगबाईंकडे दिला.

‘श्रीमती यॉम बुन्ये, आपल्या जोडीच्या कोनाड्याची मुदत पंधरा वर्षांनी वाढवण्यात आली आहे. आपले पती कै. क्वाक मानसोप यांच्या निधनाबद्दल आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. नोंदीत चूक असल्यास संबंधित व्यक्तीने स्वतः जुन्या ब्राउझरमधून अर्ज करावा.’

“अगं आई!” मेंगबाई खुर्चीत बसल्या. “मागे राहिलेल्यानेच अर्ज करायचा ना! तिने अर्ज केला, म्हणजे गेलेले तुम्ही. उद्या सकाळी या, मास्तर. परत बंद करू हा, काय व्हायचं ते होऊ दे.”

मास्तरांनी फोन घेतला आणि तो मेसेज पुन्हा एकदा वाचला. घाईने नव्हे, मुलांची उत्तरपत्रिका तपासावी तसा ओळ न ओळ.

“राहू दे,” ते म्हणाले. “पंधरा वर्षं मी तिच्या नावाने रडलो. आता थोडे दिवस तिला रडू दे. आणि नोंद काही फार काळ चुकीची राहायची नाही.”

ते घरी आले. खिशातलं पत्र काढून त्यांनी खणात ठेवलं आणि बऱ्याच दिवसांनी फ्रिजच्या दाराकडे सरळ पाहिलं. भात गरम करायला ठेवला, एवढ्यात छतात खरखर झाली.

“रहिवाशांनी सहकार्य केल्याबद्दल आभार,” मेंगबाईंचा आवाज आला. मग पुन्हा खरखर. “आणखी एक सूचना. सरकारी कागदावर काहीही आलं तरी तीनशे चारचे मास्तर हयात आहेत. गुरुवारी डबे धुऊन तेच आणतील.”

मास्तरांनी छताकडे पाहून मान लववली आणि चटणीच्या डब्याचं झाकण उघडलं. डबा अजून अर्धा भरलेला होता.